निवृत्त होणाऱ्या गुरुजींसाठी ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मग: मजकुरापासून छपाईपर्यंत

शिक्षकांसाठी ‘बेस्ट टीचर’ छापलेले तयार मग दुकानात ढिगाने मिळतात, पण त्यात त्या एका शिक्षकाचं काहीच नसतं. ज्या गुरुजींनी नोकरीभर पोरांचे दाखले लिहिले आणि सही-शिक्क्यानिशी हातात दिले, त्यांना सेवापूर्तीच्या दिवशी त्यांचाच शाळा सोडल्याचा दाखला मगावर छापून द्यावा. खान्देशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून शहरातल्या हायस्कूलपर्यंत ही कल्पना कुठेही चालते, कारण दाखल्याचा नमुना सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मजकूर नेमका जमला आणि छपाई धुण्यात टिकली, की तो मग कपाटात न राहता वापरात राहतो.

आधी तारखेचा हिशेब करा. वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिक्षक निवृत्त होतात. जन्मतारीख महिन्याच्या १ तारखेची असेल तर सेवा आदल्या महिन्याच्या अखेरीस संपते. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख सर्रास लावली जायची, म्हणून ३१ मे रोजी एकेका तालुक्यात बरेच निरोप समारंभ एकाच दिवशी असतात. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. छपाईवाले पत्रिकांमध्ये बुडालेले असतात आणि दुपारी वीज जाते. त्यामुळे मजकूर मेच्या पहिल्या आठवड्यात पक्का करा, नमुना १५ तारखेच्या आत हातात घ्या आणि एक मग जास्तीचा छापून ठेवा. समारंभाच्या आदल्या दिवशी मगाचा कान तुटला, तर दुसरा मिळवायला वेळ नसतो.

मग कोणता घ्यावा

दुकानातला नेहमीचा मग ११ औंसाचा, म्हणजे साधारण ३२५ मिलिलिटरचा असतो. उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, व्यास आठच्या आसपास. आपल्याकडे चहाचा कप याच्या निम्माही नसतो. एवढ्या मगात चहा तळाशी राहतो आणि लवकर गार होतो. गुरुजी दूध किंवा कॉफी पीत असतील, किंवा मग टेबलावर पेनांसाठी ठेवणार असतील, तर ११ औंस ठीक. चहाच प्यायचा असेल तर ६ औंसाचा छोटा मग मागा. त्याला मग तापवून दाबणाऱ्या छपाईच्या मशीनमध्ये (प्रेसमध्ये) वेगळा, लहान हीटर लागतो, म्हणून तो दुकानदाराकडे आहे का ते आधी विचारून घ्या. छोट्या मगावर जागा कमी मिळते, त्यामुळे दाखल्याच्या ओळीही कमी कराव्या लागतात.

मग कोरा आणि पॉलिमर कोटिंगचा हवा. भांड्यांच्या दुकानातल्या साध्या चिनी मातीच्या कपावर सब्लिमेशनची शाई (तापल्यावर वाफ होऊन कोटिंगमध्ये मुरणारी) धरत नाही, पुसून निघते. कोटिंग सारखं आहे का ते पाहायला मग उजेडात तिरका धरून फिरवा. कुठे मेणासारखा ओघळ किंवा खरखरीत ठिपका दिसला तर तो बाजूला ठेवा, तिथे छपाई डागाळणारच. काळ्या ‘मॅजिक’ मगावर गरम चहा ओतला की चित्र दिसायला लागतं. समारंभात त्याची गंमत येते, पण त्याचा काळा थर नाजूक असतो, मायक्रोवेव्ह त्याला चालत नाही आणि गरम झाल्यावर थर पारदर्शक झाला तरी छपाई थोडी मळकट दिसते. दाखल्याला बारीक अक्षरं असतात, म्हणून त्यासाठी पांढराच मग बरा.

मजकूर

खरा दाखला समोर ठेवा आणि त्यातले रकाने तसेच घ्या. नमुना असा:

शाळा सोडल्याचा दाखला
नाव: (शाळेत ज्या नावाने हाक मारतात ते)
शाळेत आल्याची तारीख: (रुजू झाल्याची)
पूर्वीच्या शाळा: तोरणमाळ, मोलगी, प्रकाशा
अभ्यासातील प्रगती: रोजचं वाचन अजून चालू
वर्तणूक: घंटेआधी वर्गात हजर
शाळा सोडण्याचे कारण: नियत वयोमान
शेरा: घरच्या वर्गात प्रवेश देण्यास हरकत नाही
वरील माहिती विद्यार्थ्यांच्या मनातील जनरल रजिस्टरप्रमाणे खरी आहे.

यातला सगळ्यात बोलका रकाना ‘पूर्वीच्या शाळा’ हा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या बदल्यांची गावं क्रमाने लिहिली, की त्यांची सगळी नोकरी एका ओळीत येते. वरची गावं नंदुरबार जिल्ह्यातल्या शिक्षकासाठी उदाहरण म्हणून घेतली आहेत. ही नावं सेवापुस्तकातून किंवा घरच्यांकडून घ्या, अंदाजाने लिहू नका. एखादं गाव सुटलं तर ते गुरुजींच्या पहिल्या नजरेत येतं. प्रगती आणि वर्तणूक या दोन ओळींत त्यांची खरी सवय यायला हवी: फळ्यावरचं वळणदार अक्षर, परिपाठाची वेळ, सहलीला मोजून मोजून पोरं बसमध्ये चढवणं. या सवयी दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांना आणि एका सहशिक्षकाला विचारा. तिघांनीही एकच गोष्ट सांगितली तर तीच घ्या.

दाखल्याच्या तळाशी वर्गशिक्षक, लेखनिक आणि मुख्याध्यापक अशा तीन सह्यांच्या जागा असतात. तिथे वेगवेगळ्या वर्षांच्या तीन विद्यार्थ्यांच्या खऱ्या सह्या घ्या. अनधिकृत बदल केल्यास कारवाई होईल ही शेवटची बारीक ओळ सोडू नका. तिथे ‘चहातील साखर परस्पर कमी केल्यास कारवाई करण्यात येईल’ असं लिहिलं तर घरची मंडळीही हसतात. मधुमेह असेल तर मात्र ही ओळ नको.

काही गोष्टी मगावर येऊ देऊ नका. खऱ्या दाखल्यात जात, जन्मस्थळ, आधार क्रमांक असतो, ते रकाने गाळा. अशोकस्तंभाचं चिन्ह वापरू नका, २००५ च्या कायद्याने त्याच्या अनधिकृत वापराला बंदी आहे. शिक्का हवा असेल तर गोल शिक्क्यात शाळेचं नाव आणि ‘सेवापूर्ती’ एवढं पुरतं. तो जांभळट निळ्या रंगात, थोडा तिरका आणि सहीवर अर्धवट चढलेला ठेवला की हुबेहूब शाळेतला दिसतो. छडीचे, अंगठे धरायला लावण्याचे विनोद टाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, आणि समारंभात सगळ्यांसमोर तो विनोद गुरुजींना आवडेलच असं नाही.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण असते. एका शाळेत तीन पाटील आणि दोन चौधरी असतात, म्हणून शिक्षक आद्याक्षरांनीच ओळखले जातात. मगावरही ‘एस. के. सर’ असंच, विद्यार्थी म्हणतात तसं लिहा. प्राथमिकच्या शिक्षकांना बहुतेक गावांत ‘गुरुजी’ म्हणतात, हायस्कूलला ‘सर’, आणि बाईंना कुठे ‘बाई’ तर कुठे ‘मॅडम’. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, त्यामुळे त्या भागात हायस्कूलच्या शिक्षकालाही ‘गुरुजी’ म्हटलेलं मानाचंच वाटतं. पण जी हाक त्यांना सवयीची आहे तीच घ्या.

बोलीतली एखादी ओळ मगाला जिवंत करते. ‘आमना गुर्जी’ किंवा ‘माले वाचता येस, ते तुमनामुये’ अशी अहिराणी ओळ मगाच्या दुसऱ्या बाजूला चांगली दिसते. मात्र सगळा खान्देश अहिराणी बोलत नाही. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली चालते, जामनेरच्या बाजूला तावडी, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी. अहिराणीसुद्धा धुळ्याची वेगळी, चाळीसगावची वेगळी. गुरुजी ज्या गावी शिकवत होते तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाकडून ओळ मोठ्याने वाचून घ्या. ते जिथे अडखळतील, तिथे शब्द बदला.

शुद्धलेखनात शिक्षकाच्या भेटीला सूट नाही. नेहमी चुकणारे शब्द असे: ‘गुरू’ एकटा असताना दीर्घ, पण ‘गुरुजी’ आणि ‘गुरुपौर्णिमा’ यांत ऱ्हस्व. ‘सेवापूर्ती’ आणि ‘सेवानिवृत्ती’ शेवटी दीर्घ. ‘आशीर्वाद’मधला शी दीर्घ. ‘मुख्याध्यापिका’मधला पि ऱ्हस्व.

मांडणी

११ औंसाच्या मगाचा घेर साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर असतो. कानाच्या दोन्ही बाजूंची जागा सोडून छपाईची पट्टी २० सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच धरा. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. उजव्या हाताने मग धरला की पिणाऱ्याला पट्टीचा उजवा भाग दिसतो आणि समोर बसलेल्यांना डावा. म्हणून दाखला डावीकडे ठेवा, तो समोरचे वाचतील. बोलीतली ओळ किंवा विद्यार्थ्यांचा निरोप उजवीकडे ठेवा, तो चहा पिताना गुरुजींना दिसेल. गुरुजी डावखुरे असतील तर उलट करा.

प्रत्येक भाग ७ सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नका, नाहीतर वाचताना मग फिरवावा लागतो. पट्टीच्या दोन्ही कडांना १ सेंटिमीटर मोकळं सोडा. कानाजवळ हीटरचा दाब कमी पडतो आणि तिथली अक्षरं फिकट येतात. वर-खालीही अर्धा-अर्धा सेंटिमीटर सोडा. मधे चारेक सेंटिमीटर उरतात, तिथे सेवेची सुरुवात आणि शेवट अशी दोन सालं उभी घाला.

अक्षर ११ पॉइंटच्या खाली नको. समारंभाला येणारे सहकारी आणि जुने शिक्षक साठीच्या पुढचे असतात, त्यांच्यासाठी १२ चांगलं. ७ सेंटिमीटर रुंदीत या आकाराच्या नऊ-दहा ओळी सुखाने बसतात. त्याहून जास्त मजकूर असेल तर अक्षर लहान करण्यापेक्षा एक रकाना काढा. अक्षराच्या रेघा जाड हव्यात. बारीक रेघांचे फाँट तापवताना पसरतात आणि वेलांटी, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळतात. मुक्ता किंवा बलू असे मोकळे, जाड फाँट चालतात. पार्श्वभूमीला पिवळट रंग देऊन जुन्या कागदाचा भास करायचा मोह होतो, पण कागद एक-दोन मिलिमीटर जरी सरकला तरी कड वाकडी दिसते. पांढऱ्या मगावर नुसती दुहेरी काळी चौकट पुरते.

सह्या पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने घ्या. रेघांच्या वहीचा कागद नको. फोटो न काढता ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करा. फोटोत कागदाची सावली येते आणि मगावर ती करडा डाग होऊन उतरते.

दुकानात फाइल देताना

३०० डीपीआयवर २० बाय ९ सेंटिमीटरची फाइल २३६२ बाय १०६३ पिक्सेलची होते. ती पीडीएफ किंवा पीएनजी करून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि अक्षरांच्या कडा फुटतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता मजकूर टाइप करून पाठवू नका. अनेक डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करतात. तुमचा युनिकोड मजकूर (मोबाइलवर नेहमी टाइप होतो तो) तिथे चिकटवला की खुणांचा कचरा होतो, मग ऑपरेटर तो घाईत पुन्हा टाइप करतो आणि चुका तिथेच शिरतात. कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरं तुटतात. छापण्याआधी पडद्यावरचा नमुना मागवा आणि त्यात ‘निवृत्ती’तला त्त, ‘विद्यार्थी’तला द्य आणि रफार, ‘कृतज्ञ’मधला ज्ञ आणि ‘ऱ्या’ एवढी अक्षरं बोट ठेवून तपासा.

छपाई

स्वतः छापणार असाल किंवा शाळेतल्या एखाद्या शिक्षकाकडे मशीन असेल, तर क्रम असा. प्रिंटरमध्ये सब्लिमेशनची शाई हवी, साधी नाही. साधारण १०० जीएसएम जाडीच्या सब्लिमेशन कागदाच्या पांढऱ्याशुभ्र बाजूवर, मिरर (आरशातल्यासारखी उलटी छपाई) चालू ठेवून, उच्च दर्जावर छापा. एका ए४ कागदात तीन पट्ट्या बसतात. कागदावरचे रंग मळकट दिसतात, त्याने घाबरू नका, खरे रंग तापल्यावर येतात. शाई पाच-दहा मिनिटं वाळू द्या. पट्टी कापताना कड सरळ ठेवा.

कोरा मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडा करा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर तिथे फिकट ठसा उमटतो. छापलेली बाजू मगाकडे करून पट्टी गुंडाळा. खालची कड मगाच्या तळाशी समांतर आहे का ते मग टेबलावर उभा ठेवून पाहा. दोन्ही टोकं हीट टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) ताणून चिकटवा. कागदाखाली बोटाने दाबून हवा राहिली नाही ना ते बघा. सेलोटेप चालत नाही, तो वितळून मगाला चिकटतो.

मगाचा प्रेस १८० अंश सेल्सिअसला तापवा, मग बसवून १८० सेकंद ठेवा. दांडा लावताना थोडा जोर लागला पाहिजे, सहज बसला तर दाब कमी आहे. मशीन आणि मगाचं कोटिंग यांप्रमाणे तापमान पाच-दहा अंश आणि वेळ वीसेक सेकंद इकडेतिकडे होते, म्हणून नव्या लॉटचा पहिला मग चाचणीसाठी धरा. चाचणीच्या पट्टीवर काळी, लाल आणि निळी अशा जाड रेघा आणि ११ पॉइंटची दोन ओळींची मराठी अक्षरं ठेवा. वेळ संपली की हातमोजे घालून मग लगेच काढा आणि कागद एका झटक्यात सोला. रेंगाळलात तर उष्णता चालूच राहते आणि अक्षरांच्या कडा पसरतात. लगेच गार पाण्यात बुडवू नका, मगाला तडा जातो. कोमट पाणी चालतं, नाहीतर लाकडी फळीवर पंख्याखाली ठेवा. दगडी ओट्यावर ठेवला तर तळ एकदम गार होतो आणि तिथून चिरतो.

बिघाड ओळखणं

सगळी छपाई फिकट आली तर वेळ किंवा तापमान कमी पडलं. काळा रंग तपकिरी झाला आणि मगाचा पांढरा पिवळट दिसू लागला तर जास्त झालं. फक्त वरच्या किंवा खालच्या काठाला फिकट पट्टा असेल तर हीटर तिथपर्यंत पोचत नाही, पुढचा मग प्रेसच्या आत थोडा वर-खाली बसवून पाहा. तेही जमलं नाही तर पट्टीची उंची अर्धा सेंटिमीटर कमी करा. अक्षरं दुहेरी दिसत असतील तर कागद सरकला: टेप ढिला होता, किंवा मशीन उघडताना कागद घासला.

पावसाळ्यात, म्हणजे गुरुपौर्णिमा आणि ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाच्या सुमारास, छोटे पांढरे ठिपके आणि ओलसर पसरलेल्या कडा ही नेहमीची तक्रार असते. कागद हवेतली ओल पितो आणि तापल्यावर तिची वाफ शाईला ढकलते. कागदाचं पाकीट बंद झिप पिशवीत ठेवा आणि लागेल तेवढीच पानं बाहेर काढा. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर गेला की प्रिंटरच्या नोझलमध्ये (शाई बाहेर पडते त्या बारीक छिद्रांत) शाई वाळते आणि छपाईत बारीक आडव्या रेघा सुटतात. रोज एकदा नोझल तपासणी काढा आणि शाईच्या बाटल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

मशीन चालू असताना वीज गेली तर प्रेस उघडू नका. एखाद्या मिनिटात वीज आली तर तीच वेळ पुढे पूर्ण होऊ द्या, बहुतेक वेळा छपाई वाचते. जास्त वेळ गेला तर तो मग बाद धरा. त्याच मगावर दुसरी पट्टी लावून तापवलं तर जुनी अक्षरं मागून डोकावतात. सब्लिमेशनची छपाई पुसता येत नाही आणि पांढरा रंग त्यात छापताच येत नाही, त्यामुळे चूक झाकायची सोय नाही. तो जास्तीचा मग इथेच कामी येतो.

पोरांच्या हातची अक्षरं हवी असतील तर

चौथीच्या वर्गाने स्वतः मगावर लिहायचं असेल तर पोर्सिलेनचे भाजायचे पेन घ्या. साधा पर्मनंट मार्कर धुताना निघून जातो. पेनने लिहून २४ तास वाळू द्या, गार ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीत) मग ठेवा, १५० अंशांपर्यंत तापवा आणि तिथून पुढे ३५ मिनिटं मोजा. ओटीजी बंद करून मग आतच गार होऊ द्या. ओठ लागतात त्या काठापासून खाली २ सेंटिमीटर आणि मगाच्या आतल्या बाजूला काहीही लिहू नका. यासाठी कोटिंग नसलेला साधा पांढरा मग घ्यावा. भाजण्याच्या पेनांचे आकडे ब्रँडप्रमाणे बदलतात, म्हणून डबीवरची सूचना पाहूनच वेळ ठरवा.

देताना

शाल-श्रीफळाबरोबर रिकामा मग देऊ नका. आत एक लाल पेन आणि खडूची छोटी डबी ठेवा, वरून सावदा-फैजपूरकडच्या केळीच्या वेफर्सचं लहान पाकीट बसवा. एसटीने पाठवायचा असेल तर मगाचा कान वेगळ्या कागदात गुंडाळा आणि पोकळी कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरा, कारण खोका आपटला की आधी कान तुटतो. खोक्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: मऊ स्पंज आणि साधा साबण वापरा, तारेची घासणी आणि राख लावू नका, चहा गरम करायला मग थेट गॅसवर ठेवू नका. मॅजिक मग दिला असेल तर त्यात ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि पाण्यात भिजत घालू नये’ हेही लिहा.